कोरी नळी

रोज सकाळी नऊ वाजता त्रिशला मगदूम गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि या जगात आपलं कुणी नाही हे नियमाप्रमाणे सिद्ध करायची.

यात तिला वाईट वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकरा वर्षं हे चाललं होतं. मिरजेतल्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथे दिवसाला चाळीस-पन्नास माणसांच्या तोंडातले जंतू तपासले जात आणि कोणाचे जंतू कोणाशी जुळतात ते ठरवलं जाई. यंत्र खरं बोलतंय की उगाच जुळवाजुळव करतंय हे कळायला एक माणूस असा लागे, ज्याचं कोणाशीच जुळत नाही. त्याचा आकडा शून्य आला, की बाकीच्यांचे आकडे विश्वासाचे. जुन्या काळी रांगेत एक नळी जंतू न घालता ठेवत, तिला कोरी नळी म्हणत. नळ्या गेल्या, नाव राहिलं आणि ते त्रिशलाला चिकटलं. ती छप्पन्न वर्षांची होती. लग्न आधी जमलं नव्हतं, मग जमवायचं राहून गेलं. चाचणी सुरू झाली तेव्हा कर्मचाऱ्यांमध्ये विचारणा झाली होती, एकटं कोण राहतं म्हणून. तिनं हात वर केला होता आणि तो अजून खाली आला नव्हता.

चाचणीमागचं कारण मात्र गंभीर होतं. जुनी प्रतिजैविकं एकेक करून निकामी झाल्यावर मोठे आजार बरे करायची पद्धतच बदलली. रोग्याची सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकायची आणि नवी उगवेपर्यंत सहा आठवडे त्याला काचेच्या खोलीत ठेवायचं. या सहा आठवड्यांत परक्या माणसाच्या श्वासातला एखादा साधा जंतू, जो एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो, जीव घेऊ शकतो. म्हणून परिचारिका अंगभर पोशाख चढवून जात, हातमोज्यांनी सुई टोचत आणि बाहेर येत. रोगी वाचायला हवे होते. पण ज्यांच्याजवळ कोणी नव्हतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेवण सोडत, भिंतीकडे तोंड करून पडत आणि मरत. याला औषध नव्हतं.

मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की एका घरात राहणाऱ्यांच्या तोंडात पुष्कळसे जंतू तेच असतात. एका ताटातलं खाणं, एका भांड्याला तोंड लावणं, पोराला भरवताना आधी आपल्या ओठाला लावून पाहणं, यातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि जन्मभर मुक्काम ठोकतात. अशा माणसाचे जंतू रोग्याच्या शरीराला परके नसतात. त्या माणसाला काचेच्या आत, उघड्या तोंडानं, उघड्या हातांनी बसता येतं. तोंडातल्या दहा मुख्य रहिवाशांपैकी तीन जुळले तर तो 'सहवासी', असा नियम झाला.

जुळवणं सोपं नव्हतं. हे रहिवासी बहुतेक एकाच कुळातले, स्ट्रेप्टोकॉकस नावाचे, सूक्ष्मदर्शकाखाली सगळे मण्यांच्या माळेसारखे सारखेच दिसणारे. त्यांना ओळखायचं ते त्यांच्या खाण्याच्या सवयींवरून. कोणाला एक साखर पचते, कोणाला दुसरी. साखर पचली की आम्ल तयार होतं आणि जांभळं पाणी पिवळं होतं. एस्क्युलिन नावाचा पदार्थ कोणी फोडला तर पाणी काळं पडतं. अशा दहा-बारा सवयींची यादी केली, की चुलत भावंडंसुद्धा वेगळी ओळखू येतात. पूर्वी हे नळ्यांमध्ये होई आणि दोन-तीन दिवस लागत. आता तळहाताएवढ्या चकतीत शहाण्णव खड्डे होते आणि यंत्र चार तासांत रंग वाचून नावं सांगे. आठ तंत्रज्ञांच्या जागी दोन माणसं उरली. एक त्रिशला, दुसरे विभागप्रमुख डॉक्टर अझीम बागवान.

बागवान छत्तीस-सदतीस वर्षांचे, हसतमुख, बोलायला गोड. बायको लग्नाआधीपासूनच बंगळूरला चांगल्या नोकरीत होती, अडीच वर्षांची झोया आईबरोबर. दुपारी दीड वाजता ते डबा उघडत, फोन टेकवून उभा करत आणि पडद्यातून झोया त्यांना चमच्यानं भरवी. "अब्बू, आ करा." अब्बू आ करत. रिकामा घास चावून गिळत, वा वा म्हणत. त्रिशला पलीकडच्या टेबलावर आपली भाकरी मोडता मोडता हे ऐकायची. तिला हेवा वाटायचा, ते तिनं स्वतःशी कधी नाकारलं नाही. बागवानांनाही तिची कीव येई आणि ते ती चांगुलपणानं लपवत.

त्या मंगळवारी दुपारी यंत्रानं लाल दिवा लावला. कोरी नळी शून्य नव्हती. त्रिशलाचे दोन जंतू नमुना क्रमांक एक्केचाळीसशी जुळत होते.

बागवानांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नमुन्यांवर आकडे लिहिताना मार्करचं टोपण दातात धरायची तिची जुनी सवय होती. या खात्यात वाढलेल्या सगळ्याच जुन्या माणसांची ती होती. शंभरदा सांगून झालं होतं. टोपणावरची थुंकी बोटाला, बोटावरून चकतीला, एवढं पुरे होतं.

"मॅडम, आज टोपण?" त्यांनी मवाळपणे विचारलं.

तिला आठवेना. सवय तीच, जी आठवत नाही. तिनं तसं सांगितलं आणि मान खाली घातली. मग बागवानांनी वॉर्डातून एक्केचाळीसचा नवा नमुना मागवला, आकडा स्वतः लिहिला, चकती स्वतः भरली, आणि तिला चार तास दाराबाहेर बसवलं. संध्याकाळी सहा वाजता निकाल आला. पुन्हा तेच दोन.

म्हणजे थुंकी नव्हती. हे जुळणं खरं होतं.

नमुन्यावर रोग्याचं नाव नसे, पण सोबतच्या कागदावर वय, जन्मगाव आणि नात्याचा रकाना असे. त्रिशलानं कागद उचलला. स्त्री, त्रेपन्न. जन्मगाव सलगरे. वैवाहिक स्थिती विधवा, अपत्य नाही. सहवासी म्हणून शेजारच्या एका बाईंनी नाव दिलं होतं, त्यांचा निकाल शून्य. आणि खालच्या रकान्यात, जवळचे नातेवाईक, त्यापुढे 'नाहीत' असं सरळ हातानं लिहिलेलं. न चा पाय लांब ओढायची सवय शाळेपासूनची. बाईंनी त्यासाठी छड्या मारल्या होत्या, आणि घरी येताना त्रिशलानं त्या तळहातावर फुंकर घातली होती.

शीतल. तिची धाकटी बहीण.

बावीस वर्षांपूर्वी आई शीतलकडे अंथरुणाला खिळली होती. फोन आला, अक्का, लगेच नीघ. त्याच वेळी एका गावातून जुलाबाच्या साथीचे नमुने आले होते आणि नळ्या तिसऱ्या दिवशी वाचायच्या होत्या. वाचणारी ती एकटीच होती. उद्या सकाळी वाचून निघते, असं तिनं ठरवलं. पोचली तेव्हा आईची राख झाली होती आणि अंगणातून माणसं परत निघालेली. शीतल रडलीसुद्धा नाही. तू नळ्याच वाचत बस, एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्रिशला उंबऱ्यातून परतली. साथ आटोक्यात आली होती, तिच्या निकालामुळे चाळीसेक माणसं वाचली असतील, हे तिला सांगायचं होतं. सांगायला कोणी उरलं नाही. पुढच्या वर्षी नोकरीच्या फॉर्मवर नातेवाईकांच्या रकान्यात तिनंही 'नाहीत' लिहिलं होतं. त्यामुळे आता रागवायचा हक्कही नव्हता.

ती उठून बागवानांच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगितलं.

बागवानांनी आधी तो कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी वॉर्डला फोन लावला. इनचार्ज कोळीबाईंनी सांगितलं, की एक्केचाळीसचा चौथा आठवडा लागलाय, परवापासून पेज परत येते, बाई भिंतीकडे तोंड करून असतात. पुढचं सांगायची गरज नव्हती. ते सगळ्यांना पाठ होतं.

पण दोन म्हणजे तीन नव्हेत. दोनच जुळत असताना आत गेलेल्या एका मुलानं वर्षापूर्वी आपल्या बापाला मारलं होतं, काहीही वाईट न करता, फक्त जवळ बसून.

त्रिशलानं दोन्ही निकाल शेजारी ठेवले. दहांपैकी आठव्या जागेवर तिच्या तोंडातला जंतू यंत्रानं ओरालिस म्हटला होता, आणि एक्केचाळीसचा मायटिस. अगदी जवळची चुलत भावंडं. बाकी सगळ्या सवयी सारख्या, फरक एकाच खड्ड्यात. त्यात रॅफिनोज होतं, डाळी-कडधान्यांत असते ती साखर. तिच्या खड्ड्यात रंग जरासा हलला होता, एक्केचाळीसच्या खड्ड्यात हलला नव्हता. यंत्रानं चार तासांवर पाहिलं आणि दोन नावं देऊन मोकळं झालं.

तिला महाविद्यालयातला पस्तीस वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. स्वतःच्या तोंडातला जंतू ओळखा, असा प्रयोग होता. तिची रॅफिनोजची नळी दोन दिवस जांभळीच राहिली आणि तिसऱ्या दिवशी पिवळी झाली. तिनं तसं लिहिलं, सरांनी लाल शाईनं काट मारली. दोन दिवसांपलीकडे वाचायचं नसतं, म्हणाले. पण तिनं पुन्हा करून पाहिलं होतं, आणि पुन्हा तिसऱ्याच दिवशी. तिच्या तोंडात एक रेंगाळणारा जंतू होता. सलगऱ्यातल्या स्वयंपाकघरात हुलग्याचं माडगं रोज असे. आई दोघींना एका ताटात बसवी, एका चमच्यानं भरवी, प्रत्येक घास आधी आपल्या ओठाला लावून पाही. तो रेंगाळणारा आईचा असला, तर शीतलकडेही असणार. आणि आजारानं दमलेल्या तोंडात तो आणखी रेंगाळणार.

बुधवारी सकाळी तिनं कपाटाच्या तळातून जुन्या नळ्या काढल्या, उकळल्या, पाणी स्वतः तयार केलं. दोन रांगा, बारा-बारा नळ्या. एक रांग तिची, एक शीतलची. बागवान शेजारी उभे राहून तिची बोटं पाहत होते. करंगळीत कापसाचा बोळा धरून त्याच हातानं नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवणं त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं. आकडे घालायच्या वेळी त्यांनी मार्कर पुढे केला आणि टोपण आपल्या हातात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत सहा नळ्या बोलल्या, दोन्ही रांगांत सारख्या. गुरुवारी दुपारपर्यंत अकरा. बारावी, रॅफिनोजची, दोन्हीकडे जांभळी.

गुरुवारी तीन वाजता कोळीबाईंचा पुन्हा फोन आला. पाणीही दोनच घोट घेतलं होतं. बागवान फोन ठेवून तिच्यापाशी आले आणि हळू आवाजात बोलू लागले. अकरा जुळल्या आहेत, बारावी तुमचीसुद्धा अजून पिवळी नाही, म्हणजे तीही तशीच आहे. मी सही करतो, तुम्ही जा. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी कागद पुढे सरकवला. पेनसुद्धा उघडून ठेवलं.

त्रिशलाला जिना दिसत होता. तीन मजले, मग डावीकडे. बावीस वर्षांपूर्वी याच कारणासाठी ती थांबली होती आणि त्याची शिक्षा भोगून झाली होती. पुन्हा तेच करायचं म्हणजे शहाणपण होतं की नुसता हेकट स्वभाव, हे तिचं तिलाच कळेना. तिनं शीतलच्या रांगेतली बारावी नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. जांभळी.

"जांभळीला मी पिवळी लिहीत नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "आत गेल्यावर ती माझ्यामुळे गेली तर?"

पेन बंद झालं. त्या दिवशी ती घरी गेली, पण दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत पहिल्यांदा मोडली, कारण जेवलीच नाही. आयुष्यात एवढं एकटं तिला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रागावलेलं एक माणूस घरात होतं.

शुक्रवारी सकाळी सातला ती तळघरात आली तेव्हा दिवे लागलेले होते. बागवान आधीच आलेले, नळ्यांच्या स्टँडसमोर स्टूल ओढून बसलेले. तिच्या रांगेतली बारावी पिवळी होती. शीतलची नव्हती. चकत्यांचं रोजचं काम सुरू झालं. दहा वाजता शीतलच्या नळीचा जांभळा रंग मातकट दिसू लागला. बारा वाजता तळाशी थोडा पिवळेपणा आहे असं बागवानांना वाटलं, तिला वाटलं नाही. दीड वाजता झोयाचा फोन आला, तो त्यांनी आज उचलला नाही. अडीच वाजता त्रिशलानं नळी पांढऱ्या कागदासमोर धरली, बोटात फिरवली, आणि कागदावर निकाल लिहिण्याऐवजी तिथेच खाली बसली. नळी पिवळी होती. वरपासून खालपर्यंत.

सही बागवानांची. पण नियमानं रोग्याचीही संमती लागे. वॉर्डात पाठवलेल्या पत्रात नाव देता येत नव्हतं. जुळणारी एक व्यक्ती सापडली आहे, स्त्री, वय छप्पन्न, जन्मगाव सलगरे, आत येऊ द्यावं का, एवढंच. कोळीबाईंनी ते काचेतून वाचून दाखवलं. नंतर त्यांनी सांगितलं, की बाई कितीतरी वेळ भिंतीकडेच बघत राहिल्या. नको म्हणतील असं वाटलं. मग कूस बदलली आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, नळ्या वाचून झाल्या असतील तर ये."

दोन दारं, मध्ये अंघोळ, उकळलेले कपडे. आतलं दार उघडलं तेव्हा शीतल उशीला टेकून बसली होती. डोक्यावर केस नव्हते. आई शेवटी कशी दिसत होती हे त्रिशलानं पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. ती कॉटवर बसली आणि तिनं बहिणीचा हात हातात घेतला. चार आठवड्यांत त्या हाताला हातमोज्याशिवाय काही लागलं नव्हतं.

"थंड आहे हात तुझा," शीतल म्हणाली.

"पाण्यानं धुतला आता."

"बारीक झालीस की, अक्का."

मग दोघी रडल्या. शीतल आधी रडली, बावीस वर्षांपूर्वीचं राहिलेलं धरून.

क्षमा कोणी मागितली नाही. पाच वाजता खिडकीतून पेज आली. त्रिशलानं चमचा भरला, सवयीनं आपल्या ओठाला लावून पाहिला आणि दचकली. ही सवय तिची नव्हती. तिनं आयुष्यात कोणाला भरवलं नव्हतं. शीतलनं मात्र तोंड उघडलं होतं आणि ती वाट बघत होती.

अर्धी वाटी झाली असेल तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. बागवान होते. आधी त्यांनी शीतलची चौकशी केली. मग घसा खाकरला. उद्यापासून कोऱ्या नळीची पंचाईत होती. त्रिशलाचा आकडा आता कधीच शून्य येणार नव्हता, दुसरं माणूस पाहायला हवं होतं. म्हणून त्यांनी सहज, यंत्राची परीक्षा म्हणून, दुपारी स्वतःचा नमुना लावला होता. बायको नि मुलगी गेल्या महिन्यात येऊन गेल्या तेव्हा झोयाच्या खोकल्यासाठी त्यांचे नमुने इथेच झाले होते. ते यंत्रात होतेच.

"किती आला?" त्रिशलानं विचारलं. विचारायच्या आधीच तिला कळलं होतं.

"शून्य, मॅडम." ते थोडे हसले. "कोणाशीच नाही. दोनदा लावून बघितला."

पलीकडे यंत्राचा पंखा फिरत होता. तो आवाज तिनं अकरा वर्षं एकटीनं ऐकला होता. तिनं त्यांना चार दिवस रजा टाकून आजच बंगळूरला निघायला सांगितलं. ते हो हो म्हणाले. चकत्यांचं बघतो आणि जातो, म्हणाले. उद्या सकाळचा एक निकाल तेवढा महत्त्वाचा आहे, तो वाचून निघतो. तिनं आणखी काही सांगायच्या आत फोन बंद झाला.

"कोण होतं?" शीतलनं विचारलं.

"लॅबमधून. माझ्या जागी माणूस मिळाला," त्रिशला म्हणाली आणि पेज निवली का ते पुन्हा ओठाला लावून पाहिलं.